'युलिसिस' वाचायला घेतलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कॉलेजात होते. तिसऱ्या प्रकरणात घोडं अडलं आणि पुस्तक कपाटात गेलं, ते अकरा वर्षं तिथंच राहिलं. पुढे आम्ही चौघींनी मिळून दर रविवारी सकाळी ती मोठ्यानं वाचली. चौदा महिने लागले. त्यानंतर ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथं एकत्र ठेवते आहे. ती एका वाचकानं दुसऱ्या वाचकाला दिलेली आहेत, एवढं लक्षात असू द्या.

कादंबरीत घडतं तरी काय?

एक दिवस. गुरुवार, १६ जून १९०४, शहर डब्लिन. सकाळी आठला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपतो.

लिओपोल्ड ब्लूम हा अडतीस वर्षांचा, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवणारा माणूस. त्याची बायको मॉली गायिका. तिचे कार्यक्रम ठरवणारा ब्लेझेस बॉयलन दुपारी चारला घरी येणार आहे आणि तो नुसता गाण्याच्या तालमीला येणार नाही, हे ब्लूमला सकाळीच कळून चुकलंय. म्हणून तो दिवसभर बाहेर राहतो. एका ओळखीच्या माणसाच्या अंत्ययात्रेला जातो, वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो, एकटाच जेवतो, गुत्त्यात शिव्या खातो, समुद्रकाठी बसतो, प्रसूतिगृहात एका बाईची चौकशी करायला जातो. याच शहरात स्टीफन डेडलस नावाचा बावीस वर्षांचा तरुण हिंडतो आहे. त्याची आई वर्षापूर्वी गेली, आणि मरताना तिनं सांगितलेली प्रार्थना त्यानं केली नाही, हे शल्य त्याला सोडत नाही. रात्री दोघांची गाठ पडते. ब्लूम त्याला घरी आणून कोको पाजतो. तो निघून जातो. ब्लूम बायकोशेजारी येऊन झोपतो.

एवढंच. हे आधी माहीत झालं म्हणून काही बिघडत नाही. उलट माहीत असेल तर हात धरायला कठडा मिळतो.

मग अवघड काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे निवेदक काही समजावून सांगत नाही. ब्लूम रस्त्यानं चालला असेल तर त्याला दिसलेली पाटी, आठवलेली लावणी म्हणावी तशी उडती चाल, पोटातली भूक आणि मेलेल्या मुलाची आठवण एकाच परिच्छेदात येतात, मध्ये 'तो मनाशी म्हणाला' असं काही नाही. आपल्या समीक्षेत याला संज्ञाप्रवाह म्हणतात. संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, नुसती आडवी रेघ. आणि हे सरावाचं होतंय असं वाटेपर्यंत लिहिण्याची पद्धतच बदलते. सातव्या प्रकरणात मध्येमध्ये वर्तमानपत्री मथळे येतात, अकरावं गाण्यासारखं रचलेलं, पंधरावं नाटकाच्या संहितेसारखं, सतरावं नुसत्या प्रश्नोत्तरांचं. अठरा प्रकरणं आणि जवळजवळ प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

पण खरी मेख आहे ती धाग्यांची. एक उदाहरण देते. पाचव्या प्रकरणात ब्लूमला बँटम लायन्स नावाचा माणूस भेटतो. त्याला घोड्यांच्या शर्यतीची बातमी बघायला ब्लूमच्या हातातलं वर्तमानपत्र हवं असतं. ब्लूम म्हणतो, घे, मी ते फेकूनच देणार होतो (इंग्रजीत 'थ्रो इट अवे'). लायन्स चमकतो, पेपर परत देतो आणि घाईघाईनं निघून जातो. वाचणाऱ्याला काही कळत नाही, ब्लूमलाही नाही. त्या दिवशीच्या शर्यतीत 'थ्रोअवे' नावाचा घोडा आहे आणि लायन्सला वाटलंय की ब्लूमनं आतली खबर दिली. हा घोडा जिंकतो, एकास वीस भावानं. (१९०४ च्या त्या खऱ्या शर्यतीतही तोच जिंकला होता.) बाराव्या प्रकरणात गुत्त्यातली मंडळी ठाम समजून चाललीत की ब्लूमनं त्या घोड्यावर पैसे लावून घबाड मिळवलं आणि आता कुणाला एक पेलासुद्धा पाजत नाही. चिडीला ते कारण पुरतं, आणि त्याच्या ज्यू असण्यावरून बोलणं सुरू होतं. ब्लूमनं एक पैसाही लावलेला नाही. मध्यरात्रीनंतर तो घरी येतो तेव्हा स्वयंपाकघरात त्याला शर्यतीच्या फाडलेल्या लाल चिठ्ठ्या दिसतात. त्या बॉयलनच्या. त्यानं दुसऱ्या घोड्यावर लावले होते, आणि तो हरला.

पाचव्या प्रकरणातलं ते एक वाक्य आम्ही चौघींनीही सहज ओलांडलं होतं. बाराव्याला पोचल्यावर एकीनं पानं मागे उलटून ते शोधून काढलं, तेव्हा खोलीत जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. या पुस्तकाची अडचण आणि त्याचं सुख एकाच जागी आहे ते असं.

मी तिसऱ्या प्रकरणात थांबलो. आता?

फार लोक तिथंच थांबतात. स्टीफन सँडीमाउंटच्या किनाऱ्यावर एकटा चालतो आहे आणि डोळ्यांना दिसणारं जग खरं कितपत, याचा विचार ॲरिस्टॉटलच्या भाषेत करतो आहे. लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन सगळं त्यात मिसळतं. तो अतिशय हुशार आणि अतिशय दुःखी मुलगा आहे, आणि आपली हुशारी तो दुःखावर पांघरूण म्हणून घालतो. हे ध्यानात ठेवलं तर शब्द डोक्यावरून गेले तरी माणूस हाताशी राहतो.

तरीही जमत नसेल तर सरळ चौथं प्रकरण उघडा. घड्याळ पुन्हा सकाळी आठवर येतं आणि आपण ब्लूमच्या स्वयंपाकघरात असतो. तो बायकोसाठी नाश्त्याचं ताट लावतोय आणि पायाशी मांजर घुटमळतंय. त्या मांजरीचं ओरडणं नीट बघा. आधी ती 'म्क्ग्नाओ' म्हणते. दूध मिळत नाही, तेव्हा 'म्र्क्ग्नाओ'. आणखी थोडा उशीर होतो, तेव्हा 'म्र्क्र्ग्नाओ'. भूक वाढेल तसा आवाजात एकेक 'र' वाढत जातो. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे वाचून दाखवा, पुस्तक अवघड आहे असं कुणी म्हणणार नाही. सहाव्या प्रकरणापर्यंत जा, तिथली अंत्ययात्रा अंगावर येते, आणि मग परत पहिल्या तिनांकडे या. मी तसंच केलं. दुसऱ्या खेपेला स्टीफनची कणव आली, जी पहिल्यांदा आली नव्हती.

आधी होमरचं 'ओडिसी' वाचायला हवं का?

नाही. युलिसिस हे या ग्रीक महाकाव्याच्या नायकाचं, ओडिसियसचंच, लॅटिन नाव, तो वीस वर्षांनी घरी बायकोकडे परततो, मुलगा बापाला शोधत असतो, एवढं पुरे. प्रकरणांना 'कॅलिप्सो', 'सायरन्स', 'इथाका' अशी नावं सगळे सर्रास वापरतात, पण ती पुस्तकात छापलेली नाहीत. जॉइसनं मित्रांना आराखडे करून दिले होते, त्यातून ती पसरली.

टिपांचं पुस्तक सोबत ठेवावं का?

ठेवा, पण मांडीवर नको. जाडजूड टिपांची पुस्तकं निघाली आहेत आणि त्यांच्यामागची मेहनत मोठी आहे. पण ओळीओळीला टीप बघितली की कादंबरी वाचणं थांबतं आणि शब्दकोडं सुरू होतं. आम्ही ठरवलं होतं: प्रकरण एका दमात, जसं समजेल तसं. मग चहा. मग ज्याला जे खटकलं असेल तेवढंच टिपांत बघायचं. पुष्कळदा असं झालं की टीप वाचली तरी आमची समजूत बदलली नाही.

आवृत्ती कोणती घ्यावी?

पुस्तक जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, २ फेब्रुवारी १९२२ ला पॅरिसमध्ये निघालं. सिल्व्हिया बीच या तिथल्या पुस्तकविक्रेतीनं ते 'शेक्सपिअर अँड कंपनी' या आपल्या दुकानाच्या नावानं १,००० प्रतींत छापवलं. छपाई दिजाँ गावी झाली, खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, लेखकाला डोळ्यांचा त्रास, आणि प्रूफं तपासताना तो मजकूर वाढवतच राहिला. म्हणून पहिल्या आवृत्तीत चुका राहिल्या. १९८४ मध्ये हान्स वॉल्टर गाब्लर यांनी हस्तलिखितांवरून शोधित पाठ सिद्ध केला, त्यावर विद्वानांत कडाक्याचे वाद झाले. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं त्यात पडू नये. अक्षर मोठं, समास मोठा, हीच माझी अट. मंडळीत वाचणार असाल तर मात्र सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर पान सापडण्यातच अर्धा तास जातो. जुना पाठ इंटरनेटवर मोफत मिळतो, विकत घेण्याआधी चौथं प्रकरण तिथं चाखून बघा.

यावर बंदी होती ना? अश्लील आहे का?

अमेरिकेत 'द लिटल रिव्ह्यू' या मासिकात कादंबरी १९१८ पासून क्रमशः येत होती. तेराव्या प्रकरणावरून खटला झाला आणि १९२१ मध्ये मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या दोघी संपादिकांना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती जॉन वूल्सी यांनी ६ डिसेंबर १९३३ ला पुस्तक अश्लील नाही असा निकाल दिला. मला या निकालातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: पुस्तक वाचायला सोपं नाही हे त्यांनी त्यात लिहून ठेवलं आणि तरी ते आख्खं वाचून, आक्षेपाच्या जागा पुन्हा पुन्हा वाचून मग निर्णय केला. पुस्तकावर बोलायचं तर आधी वाचायचं, हा साधा नेम त्यांनी पाळला.

शरीराबद्दल यात स्पष्ट लिहिलंय. ब्लूम शौचाला बसतो तेही येतं. ज्याला ते नकोसं वाटेल त्यानं तसं म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

मोठमोठ्या लोकांनाही झेपली नाही म्हणतात, खरं आहे?

खरं आहे, आणि ते वाचून मला फार धीर आला होता.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९३२ मध्ये या कादंबरीवर निबंध लिहिला. त्यात ते मोकळेपणानं सांगतात की १३५ व्या पानापर्यंत जाताना ते दोनदा झोपी गेले. ते चिडले, पुस्तकानं आपल्याला मूर्ख ठरवलं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी जॉइसला पत्र लिहून कळवलं की या पुस्तकाशी आपण तीन वर्षं झगडलो, आणि शेवटच्या मॉलीच्या प्रकरणाची मनापासून तारीफ केली. व्हर्जिनिया वूल्फनं दोनेकशे पानांनंतर रोजनिशीत वैताग लिहून ठेवला. बर्नार्ड शॉ यांनी डब्लिनचं हे चित्र किळसवाणं पण खरं आहे असं कळवलं आणि प्रत विकत घ्यायला नकार दिला. आणि जिच्याबरोबर पहिल्यांदा फिरायला गेलेला दिवस जॉइसनं कादंबरीसाठी निवडला असं मानतात, त्या त्याच्या बायकोनं, नोरानं, हे पुस्तक काही पूर्ण वाचलं नाही.

युंग झोपले, तर रात्री साडेदहाला दिवसभराचं काम आटोपून वाचणाऱ्याला झोप येणारच. पुस्तक मिटा. सकाळी उघडा.

मोठ्यानं वाचल्यानं खरंच फरक पडतो?

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. जॉइसला गळा होता, त्याला गाणं येत होतं आणि डोळे अधू होत गेलेले. ही कादंबरी कानासाठी आहे. १९८२ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, आयर्लंडच्या रेडिओनं ती सलग संपूर्ण ऐकवली, जवळजवळ तीस तास. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. डोळ्यांना गुंता वाटणारं वाक्य तोंडातून काढलं की कुठं थांबायचं ते आपोआप कळतं, आणि कोण बोलतंय तेही.

आपल्याकडे पोथीचं पारायण करतात. आजी वाचायची तेव्हा सगळ्या ओव्यांचा अर्थ तिला लागत असेल असं नाही, ऐकणाऱ्यांना तर नाहीच. तरी वाचन चालू राहायचं, दरवर्षी नवी एखादी ओवी उलगडायची. 'युलिसिस' मी त्या रीतीनं वाचली. न समजलेलं मागे सोडून पुढे जाण्याची परवानगी मला माझ्याच घरातून मिळाली होती, ती आठवायला अकरा वर्षं लागली.

एकट्यानं वाचावी की मंडळींत?

शक्य असेल तर मंडळींत. आणि मंडळी एका साच्यातली नसावीत. चौदाव्या प्रकरणानं हे मला शिकवलं.

हे प्रकरण सगळ्यात कठीण मानतात. स्थळ प्रसूतिगृह. वर मिना प्युरफॉय नावाची बाई तीन दिवस कळा देते आहे, खाली वैद्यकीचे विद्यार्थी दारू पिऊन थट्टा करताहेत. आणि गर्भ वाढावा तशी इंग्रजी गद्याची वाढ जॉइस एका प्रकरणात करून दाखवतो: जुनाट, लॅटिन वळणाच्या भाषेपासून शतकाशतकांच्या लेखकांच्या शैली घेत शेवटी रस्त्यावरच्या बोलीपर्यंत. मराठीत कुणी महानुभावांच्या गद्यापासून सुरू करून बखरीची भाषा, मग निबंधमालेची, मग संपादकीयाची आणि शेवटी कट्ट्यावरची भाषा एकामागून एक लिहीत जाईल, आणि गोष्ट मात्र एकच चालू राहील, तर कसं होईल? तसं.

आम्ही तिघी शैली ओळखण्यात गुंतलो होतो. चौथीनं परिचारिका म्हणून तीस वर्षं नोकरी केलेली, त्यातली बरीचशी प्रसूती विभागात. तिनं पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, "अगं, तीन दिवस बाई अडलीये वर. यांच्यातल्या एकाला तरी तिची आठवण आहे का?" आम्ही पानं चाळली. आहे, एकाला: ब्लूमला. तो दारू जेमतेम ओठाला लावतो आणि कान वर लावून बसलेला असतो. शैलींच्या सगळ्या कसरतीखाली हे एवढं साधं ठेवलेलं होतं आणि ते तिनं काढलं, टीप न बघता.

झुरिकच्या जेम्स जॉइस फाउंडेशनमध्ये दर आठवड्याला वाचनगट बसतो, पुस्तक संपायला काही वर्षं लागतात, संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. डब्लिनमध्ये 'स्वेनीज' नावाचं जुनं औषधाचं दुकान आहे, ब्लूम तिथून लिंबाच्या वासाचा साबण घेतो. आता ते स्वयंसेवक चालवतात, तिथं जॉइस वाचला जातो आणि साबणही विकत मिळतो.

मराठी वाचकाला त्यात ओळखीचं काही सापडतं?

खूप. चौथ्या प्रकरणात मॉली अंथरुणात कादंबरी वाचता वाचता एका शब्दावर अडते: 'मेटेम्सायकोसिस'. ब्लूम अडखळत सांगतो की आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो. ती वैतागते, साध्या भाषेत सांग म्हणते. युरोपातल्या वाचकाला इथं टीप लागते. आपल्याला 'पुनर्जन्म' हा एक शब्द पुरतो. आणि मग कळतं की जुन्या युलिसिसनं डब्लिनच्या जाहिरातवाल्याच्या देहात जन्म घ्यावा, या कल्पनेवरच पुस्तक उभं आहे.

त्या काळी डब्लिनच्या साहित्यिकांत थिऑसॉफीचं, म्हणजे भारतीय अध्यात्मातून बरंच काही उचलणाऱ्या एका पंथाचं, वेड होतं, त्यामुळे संस्कृत शब्द मध्येच डोकावतात. बाराव्या प्रकरणात मेलेल्या माणसाच्या आत्म्याला बोलावतात. तो आत्मा प्रलयाच्या वाटेवर असल्याचं सांगतो, आणि परलोकातल्या सोयी कोणत्या, तर 'टालाफाना', 'आलावाटार', 'हाटाकाल्डा', 'वाटाक्लासाट'. हे मोठ्यानं म्हणा. टेलिफोन, एलेव्हेटर, 'हॉट अँड कोल्ड', वॉटर क्लॉझेट! आमच्याकडे हे वाचताना हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

आणखी एक जागा खोलवर लागते. पहिल्याच प्रकरणात दूध घालायला म्हातारी येते. हेन्स नावाचा इंग्रज तिच्याशी आयरिश भाषेत बोलतो, कारण तो ती शिकलाय. म्हातारी विचारते, ही फ्रेंच का? आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. परक्यानं तुमची भाषा पुस्तकातून शिकून यावी आणि तुमच्याच घरातल्या म्हातारीला ती ओळखू येऊ नये, याचं दुःख काय असतं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

शिवाय वाटचालही अगदी परकी नाही. बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्येच 'रात्रीचा दिवस' लिहून संज्ञाप्रवाह मराठीत आणून पाहिला होता.

ब्लूमवर लोक इतका जीव का लावतात?

कारण त्याच्यासारखी माणसं आपण पाहिलेली असतात आणि त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही.

आठव्या प्रकरणातला एक प्रसंग सांगते. ब्लूमला भूक लागलीय, डोक्यात बॉयलनचे विचार आहेत, घड्याळ चारकडे सरकतंय. रस्त्याच्या कडेला एक अंध तरुण काठीनं चाचपत उभा आहे. ब्लूम विचारतो, पलीकडे जायचंय का, वाटेत काही नाही. त्याचं कोपर हलकेच धरतो. याच्याशी काहीतरी बोलावं, पण उपकार केल्यासारखं वाटता कामा नये, असा विचार त्याच्या मनात येतो. रस्ता ओलांडून दिल्यावर तो सुटला असं होत नाही. या मुलाला जग कसं लागत असेल, स्पर्शानं रंग कळत असेल का, याचा विचार करत तो पुढे चालतो. कानावरचे केस चाचपून बघतो. मग कुणी बघत नाही असं पाहून सदऱ्याखाली हात घालून स्वतःच्या पोटाची सैल कातडी बोटांनी चाचपतो. रस्ता ओलांडून देणारी माणसं पुष्कळ असतात. ओलांडून दिल्यावर त्या माणसाच्या जागी उभं राहून बघणारा मी पुस्तकात हा एक पाहिला.

सीगल पक्ष्यांना तो पदरचे पैसे घालून केक आणून घालतो. सकाळी ज्याच्या अंत्ययात्रेला गेला त्या डिग्नमच्या पोरांसाठी वर्गणीत पाच शिलिंग लिहितो, तेही ज्या गावात त्याच्यावर कंजूषपणाचा आळ घेतात तिथं. त्याचा मुलगा रूडी अकराव्या दिवशी गेलाय, त्याला दहा वर्षं होऊन गेली. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी, मध्यरात्रीच्या त्या लांबलचक गोंधळानंतर, बेशुद्ध स्टीफनजवळ उभा असताना त्याला रूडी दिसतो: अकरा वर्षांचा, हातात पुस्तक धरून, हिब्रू वाचतात तसं, उजवीकडून डावीकडे वाचणारा. बापाच्या मनात पोर वाढतच राहिलेलं. तिथवर पोचायला सहाशेच्या आसपास पानं लागतात आणि मी ती पुन्हा वाचायला तयार आहे.

पानं सोडली तर चालतील?

चालतील. तिसरं, नववं, चौदावं यांतलं काही सोडलंत तरी गोष्ट हातून जात नाही. फक्त सहावं, आठवं आणि सतरावं सोडू नका.

सतराव्यात असं काय आहे?

ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रश्नोत्तरांत आहे, धर्मशिक्षणाच्या पुस्तकासारखं. किल्ली घरी राहिल्यामुळे ब्लूमला स्वतःच्या घरात कुंपण ओलांडून शिरावं लागतं. तो नळ सोडतो. पाणी आलं का, असा प्रश्न, आणि उत्तर थेट विकलो परगण्यातल्या २,४०० दशलक्ष गॅलनच्या राउंडवुड जलाशयापासून सुरू होतं. सगळं मोजून, तोलून, कोरड्या भाषेत. काही वाचकांना हे रूक्ष वाटतं. मला ते पुस्तकातलं सगळ्यात हळवं प्रकरण वाटतं, कारण ज्याचं घर आतून मोडलंय असा माणूस त्या रात्री घरातली एकेक वस्तू नजरेनं चाचपत असतो आणि भाषा त्याच्यासाठी आवाज न चढवता यादी करत राहते.

शेवटचं प्रकरण आधी वाचलं तर?

वाचता येतं, बरेच जण वाचतात. मॉली अंथरुणात पडल्या पडल्या विचार करते, आठ लांबच लांब वाक्यांत, विरामचिन्हं जवळपास नाहीत. श्वासावर वाचायचं. पण मॉली काय म्हणते ते पुरतं भिडायचं असेल तर आधी सतरा प्रकरणं तिच्याबद्दल पुरुष काय काय बोलले ते ऐकलेलं हवं. बाईच्या मनातलं पुरुषानं लिहिलंय ते पटतं का, यावर आमच्यात एकमत झालं नाही. दोघींना पटलं, एकीला अजिबात नाही. मी अजून ठरवू शकलेले नाही.

ब्लूम्सडे म्हणजे काय?

दरवर्षी १६ जूनला डब्लिनमध्ये वाचक जुन्या काळचे कपडे घालून ब्लूमच्या वाटेनं फिरतात, ठिकठिकाणी उतारे वाचतात. १९५४ मध्ये काही लेखक घोडागाड्या घेऊन असे निघाले, तिथून प्रथा पडली. आम्ही घरीच साजरा करतो, उतारे वाचतो आणि ब्लूमनं डेव्ही बर्नच्या गुत्त्यात खाल्लं तसं चीज सँडविच करतो.

नाहीच आवडली तर?

तर नाही आवडली. शंभर पानं प्रामाणिकपणे वाचून मिटलेलं पुस्तक वाया गेलेलं नसतं. फक्त 'आपल्याला अक्कल नाही' असं कारण स्वतःला देऊ नका. मी ते अकरा वर्षं देत होते.

ब्लूम झोपताना नाश्ता मागतो. मॉली सकाळी करून देते का?

हा प्रश्न कादंबरी पुरी केलेलेच विचारतात आणि तो माझा सगळ्यात आवडता. सकाळी ब्लूमनं तिला अंथरुणात चहा-पाव नेऊन दिलेला. रात्री झोपेच्या तंद्रीत तो काहीतरी बोलतो, आणि मॉली तेच धरून सुरुवात करते: यानं कधी अंथरुणात नाश्ता मागितला नव्हता, आता दोन अंडी हवीत म्हणे! आधी ती फणकारते. मग पन्नासेक पानं बॉयलनपासून जिब्राल्टरमधल्या लहानपणापर्यंत सगळीकडे फिरून येते, आणि अधेमधे लवकर उठून बाजारात जायचं तिच्या मनात येतं. पण सकाळ व्हायच्या आत पुस्तक संपतं. आमच्या परिचारिका मैत्रिणीचं म्हणणं, देते, आणि अंडी थोडी जास्तच शिजवते.